एरियल, अर्थिंग आणि ताईची गोष्ट

ता. २ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू दिलेला व्हॉल्व्हचा रेडिओ रुसलाय. दिवा लागतो, आतले व्हॉल्व्ह तापतात, पण कुठलंही स्टेशन लावलं तरी नुसती खरखर. घरात सगळे माझ्याकडेच बघतायत. मागे मी रेडिओच्या मागे लपून बाबांच्या ऑफिसला सुट्टी जाहीर केली होती, ते कबूल. पण या वेळी मी हातसुद्धा लावलेला नाही.

१९ तारखेला दुपारी चारला ताई रेडिओवर स्वतः लिहिलेली गोष्ट वाचणारे. नोकरी सोडून लिहायला परगावी गेली म्हणून बाबा वर्षभर तिच्याशी बोलत नाहीत. मला काही ऐकायचं नाही, असं मोठ्याने म्हणतात आणि रोज हळूच विचारतात, त्या खोक्याचं काय झालं? मामा, काहीही कर, पण त्याला बोलता कर.

तुझी भाची (तू म्हणतोस ती अवदसा),
भिंगरी

ता. ६ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

आधी प्लग काढायचा, मग बाकीचा शहाणपणा. मागे दोन तारा आहेत. एक एरियलची, गच्चीवर बांबूला बांधलेली. ती कुठे तुटलीय का, पत्र्याला टेकलीय का बघ. दुसरी अर्थिंगची, मोरीतल्या नळाच्या पाइपला बांधलेली. तिथला गंज खरवडून काढ. विजेच्या तारांच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. भाऊजींना माझा नमस्कार सांग, रागात असले तरी.

तुझा मामा

ता. १० जानेवारी

ती. मामास,
सा. न.

चोर सापडले, दोन-दोन! एरियलवर आई ओल्या चादरी वाळत घालते. एवढी ताणलेली तार रिकामी कशी ठेवायची, असं तिचं म्हणणं. तार लोंबून पार पत्र्यावर टेकली होती. ती ताणली आणि आईला वेगळी दोरी बांधून दिली. बाबा पाय मोकळे करायला गच्चीवर आले आणि अर्धा तास पक्कड धरून उभे राहिले.

नळाची तर गंमतच. गंज खरवडायला गेले, तर गंजच नाही! प्लंबरने लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचा बसवलाय आणि आपली तार इमानदारीत पुन्हा त्यालाच बांधलीय. आता अर्थिंग कुठे देऊ? नऊ दिवस उरलेत.

भिंगरी

ता. १३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

त्या प्लंबरला माझा दंडवत. कमरेएवढी लोखंडी सळई घे, मोरीचं पाणी मुरतं तिथल्या ओल्या मातीत ठोक, तार घासून तिला घट्ट बांध. रोज तांब्याभर पाणी घाल. मग कळव.

मामा

ता. २० जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

सळईने काम केलं. काल पावणेचारला स्टेशन इतकं स्वच्छ लागलं की आई पदर सावरून बसली. आणि चारला दोन मिनिटं असताना वाऱ्याने बांबू कलला, तार पुन्हा पत्र्यावर, पुन्हा खरखर. मी उठेपर्यंत बाबा जिन्यात! वरून ओरडून विचारलं, येतंय का. मी ओरडले, येतंय, हलू नका. ते हलले नाहीत. पंधरा मिनिटं उन्हात बांबू धरून उभे. खाली ताई वाचत होती आणि वर त्यांना एक शब्द ऐकू जात नव्हता.

खाली आले, पाणी प्यायले, मला समोर बसवलं आणि म्हणाले, सांग. गोष्टीत एक शिंपी मुलीचा फ्रॉक दर वर्षी उसवून वाढवत जातो आणि एका वर्षी आत दुमडलेलं कापडच, शिंपी ज्याला माया म्हणतात ते, संपतं. मी पदरचं काहीही न घालता सगळी सांगितली. कापड संपतं ते बाबांनी पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, तू फार भरभर बोलतेस, काही कळत नाही. तिलाच घरी येऊन वाचायला सांग.

ताईला लगेच पत्र लिहिलं. पाकिटावर पत्ता बाबांनी घातला. कुठे बघावा लागला नाही, पाठ होता.

माया आहे तेवढी राहू दे, थोडी वाढली तरी चालेल.

भिंगरी