मूल पाहिले

३ मार्च

चार घरं. शेवटचं तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद! गुडघ्यांनी वर जाताना शिव्या घातल्या, खाली येताना बोलणंच टाकलं.

एकवीस वर्षं हेच चाललंय — शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांकडे तीन महिन्यांतून एकदा जायचं. वह्या चाळायच्या, समोर बसवून तीन ओळी लिहून घ्यायच्या, तक्त्यात 'मूल पाहिले' यापुढे खूण, खाली सही. दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठरलेलं असतं — आली बया! आणि खरं सांगायचं तर मलाही लाज वाटते. लोकांच्या दोरीवरचे कपडे, न आवरलेले पलंग, ओट्यावरचं खरकटं. मी कोण ते बघणारी?

एक पडदे शिवणारी तेवढी बरी. 'आधी टेका हो ताई,' म्हणाली. पाणी दिलं, चहा दिला, पायाखाली स्टूल सरकवलं. आज तिची धाकटी बघितली. दोन वेण्या, चुणचुणीत. पेन्सिल मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात धरते, तरी अक्षर काय सुरेख! मोठीला शुक्रवारी बघायचं. नियमाप्रमाणे घरातली सगळी मुलं एकाच दिवशी, एकत्र बघायची असतात. पण सप्टेंबरमध्ये हा भाग माझ्याकडे आला तेव्हाच ती म्हणाली होती, 'एकीसमोर दुसरी तोंडच उघडत नाही हो.' म्हटलं, ठीक आहे. एवढ्याशासाठी कुठे अडून बसायचं?

६ मार्च

मोठी. केस मागे घट्ट बांधलेले, चष्मा, मान खाली. पेन्सिल हिचीही तशीच! आई हसली — 'एकीचं बघून दुसरीला खोड.' खूण केली, सही केली. चहा छान होता.

१० मार्च

लेकीचा फोन. नातीला ती घरीच शिकवते, आणि तिच्याकडच्या तपासनीस बाईनं परवा म्हणे फ्रीज उघडून बघितला! 'आई, तुमचं खातं म्हणजे निव्वळ सरकारी चोंबडेपणा.' घरभेटी बंद करा म्हणून त्यांच्या गटानं अर्ज केलाय, त्यावर माझ्या बहिणीनं सही केली, मेहुण्यांनी केली. मी नाही केली — नोकरी आहे म्हणून. मनातून लेकीचंच पटतं.

१३ मार्च

झालं! परिपत्रक आलं. १ एप्रिलपासून घरभेटी बंद. वह्या टपालानं मागवायच्या. घरात पाऊल टाकायचं तर आईबापांची लेखी संमती हवी. घराचं खासगीपण जपण्यासाठी, असं लिहिलंय. साहेब म्हणाले, 'सुटलो बुवा!' मीही सुटले. लेकीला कळवलं तर तिकडे नुसता आरडाओरडा, टाळ्या. नातसुद्धा ओरडली, तिला काय कळलं कोण जाणे.

१७ मार्च

बंद करायच्या फायली लावत होते. मला चेहरे लक्षात राहत नाहीत, अक्षरं राहतात — कचेरीत सगळे हसतात यावरून. एकेका मुलाचे तीन ओळींचे कागद काढून टेबलावर मांडत गेले. पडदेवालीच्या दोघी शेजारी-शेजारी आल्या. धाकटीचं अक्षर सरळ. मोठीचं तिरपं, मोठालं, मुद्दाम काढल्यासारखं. पण पूर्णविराम! धाकटी तो इतका दाबून देते की कागदाला भोक पडतं. मोठीच्या कागदांनाही तशीच भोकं. खिडकीशी नेऊन उजेडात धरले. सहाही कागद सारखे.

दोघींना मी एकत्र कधी पाहिलेलंच नाही! एकाच पोरीला दोनदा बघत आले — एकदा वेण्या घालून, एकदा चष्मा लावून.

मग मोठी कुठाय?

१८ मार्च

साहेबांना सांगितलं. ते आधी उठून दार लोटून आले. 'दोघींना वेगवेगळ्या दिवशी बघायची परवानगी कुणी दिली? तक्त्यावर सह्या कुणाच्या?' माझ्या. मोठीच्या नावापुढे तीन. 'तेरा दिवस राहिलेत बाई. आता कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?'

१९ मार्च

काही केलं नाही. दिवसभर फायली लावल्या. भित्री!

२१ मार्च

लेकीला सगळं सांगितलं. म्हणाली, 'असं न कळवता माझ्या दारात कुणी उभं राहिलं ना, तर मी हाकलून देईन.' मग फोन ठेवता ठेवता, 'पण तू जा, आई.'

२३ मार्च

गेले. न कळवता.

दोन वेण्यांनी दार उघडलं. चष्मा शिलाई मशीनवर पडला होता, सुयांच्या डबीशेजारी. उचलून डोळ्यांना लावला — साधी काच! म्हटलं, 'मोठीला बोलाव.' पोरीनं आईकडे बघितलं. आई मशीनच्या पायडलवरून पाय न काढता बसून राहिली. आज 'टेका' म्हणाली नाही.

'काकांच्या लाँड्रीवर आहे,' शेवटी तोंडातून निघालं. 'दुसऱ्या गावी. जाऊ आजारी पडली, तिथे हाताखाली कुणी नव्हतं. चार महिन्यांसाठी म्हणून नेली हो ताई! आता परत पाठवायचं नावच काढत नाहीत. दीरापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर धाकटीचीही घरी शिकायची परवानगी गेली असती...'

ऑगस्टपासून. बारा वर्षांची पोर!

रडली ती. मला तिचा राग यायला हवा होता. त्याहून जास्त माझा आला. सहा वेळा या बाईच्या स्टुलावर पाय ठेवून चहा प्यायले मी, आणि दुसरी मुलगी कुठाय म्हणून आतल्या खोलीत डोकावले नाही. म्हणे लाज वाटते! लाज कसली, दमले होते. बसायला मिळालं की बरं वाटायचं, एवढंच.

२४ मार्च

अहवाल दिला. तीन सह्या खोट्या आहेत आणि माझ्या आहेत, हेही लिहिलं. साहेब वाचताना एकदाही वर बघेनात. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

२६ मार्च

बालसंरक्षणच्या बाईंबरोबर लाँड्रीवर गेले. मागच्या खोलीत, वाफेत, चादरींना इस्त्री करत उभी होती. धाकटीपेक्षा चांगली वीतभर उंच. मनगटावर भाजल्याचे डाग. मी कोण ते सांगितलं. तिनं इस्त्री नीट उभी करून ठेवली.

'दर तीन महिन्यांनी येणाऱ्या बाई तुम्हीच ना? मी मोजत होते. सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. दर वेळी वाटायचं, आज त्या विचारतील, मोठी कुठाय.'