तपकिरी कागदावरची पावलं

३ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक. ठीक म्हणजे तुझी सासू सकाळपासून माझ्यावर ओरडते आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे. कारण एवढंच, की मी चष्म्यावर बसलो. डावी काच फुटली. नवा करायचा तर एक दिवस दुकान बंद ठेवावं लागेल, म्हणून सध्या सुईत दोरा तीच ओवून देते आणि दर वेळी चार वाक्यं ऐकवते. तिची वाक्यं दोऱ्यापेक्षा लांब असतात.

भिंगरीला पुढच्या महिन्यात सात पुरी होतील. बुटांसाठी तिच्या पावलांचं माप पाठव. दर वर्षी सांगतो तेच सांगतो. माप संध्याकाळी घे, दिवसभर खेळून पाय पसरलेला असतो. खाली तपकिरी कागद, पेन्सिल सरळ उभी, आणि रेघ तिला ओढू देऊ नकोस. मागे इथे आली होती तेव्हा तिने माझ्या पायाचं माप काढलं. पेन्सिल प्रत्येक बोटाच्या फटीत घातली, आणि फटीत पोचली की थांबून विचारायची, आजोबा, गुदगुल्या होतात का. जिथे थांबली तिथे कागदावर ठसठशीत ठिपका. तो पाय बघून मला वाटलं, मी माणूस आहे की कोंबडी. कागद खणात ठेवलाय.

तिचा बूट ज्यावर बेततो तो लाकडी फर्मा मी बदललेला नाही. चौथ्या वर्षी घडवला, त्यावरच दर वर्षी चामड्याचा थर चढवून मोठा करतो. यंदाचं वर्ष निभेल, पुढच्या वर्षी मात्र नवं लाकूड घ्यावं लागेल. बाकी भिंतीवर सगळ्यांचे फर्मे आपापल्या खुंटीला आहेत, तुझाही. आपल्या बाळचा मी रोज सकाळी पुसतो. तो गेल्याला तीन वर्षं झाली, एक दिवस चुकलेला नाही.

माया कमी होऊ देऊ नये, आणि पत्राला तीन आठवडे लावू नयेत.

तुझे मामंजी


१६ फेब्रुवारी

ती. मामंजींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चष्म्याच्या दुकानात नोकरी करणाऱ्या सुनेचा सासरा फुटक्या चष्म्याने बूट शिवतो, हे इथे कुणाला कळलं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. नंबर कळवा, मी करून पाठवते. तुम्ही कळवणार नाही हे माहीत आहे, तरी लिहिलं.

भिंगरीची मापं सोबत आहेत. बोटभर वाढली आहे. पुढचे दोन दात पडले आहेत, त्यामुळे शाळेत कविता म्हणायला उभी राहिली की पहिल्या बाकापर्यंत तुषार उडतात. तुम्ही दोघं भेटायला कधी येणार, असं रोज विचारते. दीड वर्षापूर्वी तुम्हीच मला हट्टाने या नोकरीवर धाडलंत, नाहीतर मी त्या खोलीतून बाहेर पडले नसते. आता इथे घडी बसली आहे.

सोबत आणखी एक जोडी मापं आहेत. आमच्या दुकानात मागच्या खोलीत एक गृहस्थ काचा घासतात. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय भरून येतात आणि तयार बूट चावतात. तुमच्या हाताबद्दल त्यांनी माझ्याकडून ऐकलं आहे. सवडीने करा, घाई नाही.

आईंना नमस्कार. आहे तशीच कृपादृष्टी असावी.

आपली सून


५ मार्च

चि. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भिंगरीची मापं मिळाली. बूट या आठवड्यात टपालाने निघतील.

दुसऱ्या कागदाबद्दल. डावा पाय तू काढला आहेस. पेन्सिल सरळ आहे, मी शिकवलं तशी. उजवा पाय तू काढलेला नाहीस. त्यात पेन्सिल एकेका बोटाच्या फटीत गेली आहे आणि प्रत्येक फटीत ठिपका आहे.

मला नुसती नजर कमी आली आहे, डोकं शाबूत आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा माणूस लहान मुलीसमोर पाय उघडे करून उभा राहत नाही. तो कुणाच्या तरी घरात संध्याकाळी, बूटमोजे काढून निवांत उभा होता. आमची नात जमिनीवर बसून त्याला गुदगुल्या होतात का ते विचारत होती, आणि तो प्रत्येक फटीत न हलता थांबला. पाय हलला असता तर रेघ फिसकटली असती.

चार ओळी सरळ लिहिल्या असत्यास तर मी वाचल्या असत्या. मला गिऱ्हाईक समजून माप पाठवलंस. चाळीस वर्षं मी लोकांचे पाय बघतो आहे. हातचं राखूनच लिहायचं होतं तर दोन्ही पाय तरी तू काढायचे होतेस.

ते बूट माझ्याकडून होणार नाहीत. कामं तुंबली आहेत आणि डोळे साथ देत नाहीत.

भिंगरीला जप.

तुझे मामंजी


९ मार्च

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

यांच्या पत्रामागोमाग माझं पत्र बघून घाबरू नकोस. यांनी काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण पाकीट चिकटवताना तोंड असं केलं होतं की मी ओळखलं.

तू लग्न करावंस याचा यांना राग नाही. बाळ गेला त्याच वर्षी हे मला म्हणाले होते, की या पोरीने सगळा जन्म आपल्या दोघांचे चेहरे बघत काढावा असं मला वाटत नाही. मला म्हणाले, तुला म्हणाले नाहीत, हीच तर यांची खोड. म्हणून तुला नोकरीवर धाडलं. आता तसंच घडू बघतंय तर नाकाला राग चिकटून बसला आहे. तुझ्या तोंडून कळायच्या आधी ठिपक्यावरून कळलं, हे झोंबलं. आणि दुसरं, ते सांगणार नाहीत, मी सांगते. नातीने गुदगुल्यांचा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला, हे यांच्या जिवाला लागलं. तुमचा तो कागद आणि भिंगरीने काढलेला यांच्या पायाचा कागद, दोन्ही खणातून काढतात, शेजारी शेजारी ठेवतात आणि पुन्हा आत टाकतात. तीन दिवस पटाशीला हात लावलेला नाही.

मला काय वाटलं म्हणशील तर खोटं बोलणार नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाळ गेल्यावर तुला पहिलं पत्र लिहिताना नावामागचं सौ. मी माझ्या हाताने गाळलं होतं, ते आठवलं. मग तोंड धुतलं. आता विचारते, माणूस स्वभावाने कसा आहे? भिंगरीवर ओरडतो का? जेवताना बोलतो की गप्प असतो? सगळं लिही, पण यांना लिही. आणि ओझरतं नको.

यांचा फुटका चष्मा सोबत पाठवते आहे. उजवी काच धड आहे, डावीचे तुकडे पुडीत बांधले आहेत, तुमच्या दुकानात नंबर काढता येईल. यांना सांगितलं आहे की हरवला. दिवसभर माझ्याच नावाने शोधताहेत.

तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे.

तुझी आई


२२ मार्च

ती. मामंजींस,
शि. सा. न. वि. वि.

माझी चूक झाली. आधी तेवढंच लिहिते.

मी तुम्हाला फसवायला निघाले नव्हते, घाबरले होते. तुमच्या घरात लग्न होऊन आले तो दिवस आठवा. घरभर माणसं, माझ्या ओळखीचं कुणी नाही, आणि तुम्ही कुणाला काही न विचारता माझ्यासमोर तपकिरी कागद पसरून मला त्यावर उभं राहायला सांगितलंत. खाली बसून तुम्ही स्वतः माप घेतलंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही लाकूड घडवायला घेतलंत आणि आठवड्याच्या आत माझा फर्मा भिंतीवर होता. त्यानंतर मला त्या घरात परकं वाटलं नाही. म्हणून वाटलं, या गृहस्थांचेही पाय आधी तुमच्या हातात जावेत आणि मग मी तोंड उघडावं. एकदा पाय हाताखालून गेला की तुम्ही त्या माणसाला वाईट म्हणत नाही. लबाडी झाली खरी, पण तुमच्याच भरवशावर केली.

ते स्वभावाने शांत आहेत. बोललेच तर काचांवर बोलतात. पहिली बायको फार वर्षांपूर्वी गेली. भिंगरीवर ओरडत नाहीत, उलट तीच त्यांच्यावर ओरडते. तिने त्यांना बाबा म्हणावं असा त्यांचा आग्रह नाही. एकदा ती त्यांना तिचे बाबा कसे हसायचे ते करून दाखवत होती. तिला नीट आठवत नव्हतं, ती अर्ध्यात अडली. मी उठून आत गेले. त्यांनी तिला सांगितलं, की आजोबांना विचारू, त्यांना नक्की माहीत असेल. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं.

तुम्ही नको म्हणालात तर हे होणार नाही. हे तुमच्यावर ओझं टाकणं आहे, मला कळतं. पण तुमच्या भिंतीवरची माझी खुंटी सोडून मला कुठलंही नवं घर नको आहे.

सोबत चष्मा आहे. तुमचा जुना हरवला नव्हता, आईंवर रागावू नका. दोन्ही काचा त्यांनी स्वतः घासल्या आहेत. बूट करा अथवा करू नका, चष्मा मात्र वापरा.

पत्राची वाट बघते. रागावून का होईना, लिहा.

आपली सून


२ मे

चि. सौ. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वर सौ. लिहिलं आहे ते तुझ्या सासूच्या सांगण्यावरून. लग्नाआधी लिहितात का, असं मी विचारलं. ती म्हणाली, उत्तराला तुम्ही इतके दिवस लावलेत, आता पत्र पोचताच दिवस ठरवा म्हणावं.

चष्मा आठ दिवस पुडीतच होता. मग एका सकाळी दुकानात बसून लावला. माणूस कामात पक्का आहे, नाकावर कुठे ओझं नाही. आणि पहिलं जे दिसलं ते बाळच्या फर्म्यावरची धूळ. मी रोज पुसत होतो ना? पुढचा भाग पुसत होतो, त्याच्याकडे न बघता, चाचपून. मागे टाचेच्या खोबणीत तीन वर्षांची धूळ बसली होती. फर्मा मांडीवर घेऊन मी खूप रडलो. तो गेला तेव्हा घरात इतकी माणसं होती की राहून गेलं होतं. मग ओल्या फडक्याने टाच पुसली.

तुमचा कागद लावून पाहिला. त्यांचा पाय त्याच्यापेक्षा अर्धा इंच आखूड आणि पंजा अरुंद. पाय मोठा असता तर चामडं चढवून भागलं असतं. लहान पायासाठी लाकूड उतरवावंच लागतं. कोपऱ्यात नवं लाकूड होतं, ते घेता आलं असतं. पण तुझ्या शेजारची खुंटी एकच, मग त्याचा फर्मा तिच्यावरून काढून ठेवायचा कुठे, पेटीत? पेटीतल्या लाकडाला कीड लागते. दोन दिवस विचार केला आणि त्याचाच फर्मा शिकंज्यात धरला.

डाव्या करंगळीपाशी अंगठ्याच्या नखाएवढा चामड्याचा तुकडा होता. नऊ वर्षांचा असताना भिंतीवरून पडला आणि ते बोट वाकडं जुळलं. तिथे बूट चावू नये म्हणून मी तो चिकटवला होता, आणि पुढे त्याच्या प्रत्येक नव्या फर्म्यावर तोच उचलून लावत गेलो. पटाशीचं टोक घालून अलगद सोडवला. सोबत पाठवतो. भिंगरीला दे, आणि तो काय आहे ते नीट सांग. तिचे बाबा कसे हसायचे ते मला माहीत आहे. आधी खांदे हलायचे, आवाज मागून यायचा. इथे आली की करून दाखवेन.

कानशीचा पहिला हात जड गेला. नंतरचेही जडच गेले. तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी तुझी सासू येऊन उभी राहिली. संध्याकाळी खाली पडलेला भुसा तिने पदरात गोळा केला आणि घेऊन गेली. कुठे ठेवला ते मी विचारलं नाही.

बूट सोबत आहेत. उजवा पाय मी ठिपके वगळून वाचला, चूकभूल त्या कारागिरिणीच्या नावावर. पहिला आठवडा ते थोडे चावतील. संध्याकाळचे घरातल्या घरात घालावेत, मग तिघांनी इकडे यावं. आले की त्यांना मी स्वतः कागदावर उभं करणार आहे.

एक सांगायचं राहिलं. पंजा झाला, कुशी झाल्या आणि शेवटी टाचेपाशी आलो. माप लावलं, पटलं नाही म्हणून फिरवून पुन्हा लावलं. दोघांची टाच एक निघाली, केसाएवढाही फरक नाही. तिथे कानस लावावी लागली नाही. पुढचं सगळं मी त्यांच्यासाठी उतरवलं आहे, टाच मात्र त्याची आहे तशी आहे. हे त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव.

मायेत एका माणसाची भर पडली आहे, ती सांभाळून घ्यावी.

तुझे मामंजी