तक्त्यातली जास्तीची ओळ

सर, आपल्या तक्त्यात एक ओळ जास्त आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि परवा कुठल्याशा लांबच्या विद्यापीठातून एका बाईंनी अगदी नम्रपणे कळवलं की चार जड क्वार्कांच्या ज्या कणांची वस्तुमानं आपण दोघांनी काढली, त्यातला एक कण असूच शकत नाही. आता प्रयोगात असे कण खरंच दिसायला लागलेत, म्हणून आपला जुना शोधनिबंध कुणीतरी उघडला. दुरुस्ती छापायला पाठवायची, आणि चूक कशी झाली ते एका वाक्यात लिहायचं. शेजारच्या खोलीतले सहकारी म्हणाले, "होगली बिडि मॅडम, जाऊ द्या, सरांच्या नावावर घाला. ते थोडेच विचारायला येणार आहेत?" मी हसले. हसायला नको होतं.

तुमचं नंजनगूडचं स्वयंपाकघर आठवतं. रविवारी सकाळच्या गाडीनं मी म्हैसूरहून येते, तुम्ही स्वतः कॉफी करता, ओट्यावर रव्याच्या डब्याला टेकवून आपले कागद. विभागात सगळं कन्नड नाही तर इंग्रजी; मराठी तेवढी त्या ओट्यापाशी. बॉटम आणि चार्म अशा वेगवेगळ्या क्वार्कांच्या जोडीचं गणित झालं होतं, आणि मी तोच तक्ता उचलून दोन चार्मच्या जोडीला लावला होता, तो तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही स्टीलचे दोन सारखे पेले ठेवलेत, मला पाठ फिरवायला लावलीत. "सांग बघू, अदलाबदल केली का नाही?" मला कुठलं सांगता येतंय! "मग? जोडीतले दोघे सारखेच असले की सगळ्या मांडण्या चालत नाहीत. एक ओळ गळायला पाहिजे. अय्यो, एवढं शिकलीस आणि स्वतःचीच कॉपी मारतेस?" इतका राग आला मला, कॉफी तशीच टाकून निघाले. पुढच्या रविवारी तुम्ही विचारलंत, "स्वल्प नीट बघितलंस ना गं?" मोतीबिंदूमुळे तुम्हाला आकडे दिसत नव्हते. मी म्हटलं, "हो सर." तुम्ही म्हणालात, पाठवून दे.

त्या बाईंना मी उत्तर लिहून ठेवलं होतं: तो तक्ता आमच्या सरांनी केला होता. आठवडाभर ते तसंच पडून होतं. उघडायची, वाचायची, बंद करायची. माझी मलाच लाज वाटते, सर. आणि फार एकटं वाटतं. ह्या गणितावरून माझ्याशी भांडेल असं माणूसच उरलं नाही. विभागात सगळे माझं बरोबरच धरून चालतात. आज सकाळी ते उत्तर पुसलं आणि दुरुस्तीत लिहिलं: नजरचूक, माझी एकटीची. पाठवलीसुद्धा. सगळे म्हणतील, केवढा मोठेपणा.

हे पत्र काही कुठे जायचं नाही, म्हणून इथे तरी खरं सांगते. नजर चुकायला आधी ती टाकावी लागते. त्या आठवड्यात मी तो कागद उघडलाच नव्हता. तुमच्यावर रुसले होते.