एटापल्लीला निघालेली अँबॅसॅडर

६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ८
अँबॅसॅडर नेहमीप्रमाणे दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवली. चार वर्षांत एक रविवार चुकवला नाही. रस्त्यावर नेण्याची गरज नसते. इंजिन फिरलं की गाडी निरोगी. वरची राख पुसली. चंद्रपूरच्या वीज केंद्राशेजारी, ऊर्जानगरात, तेवढं करावंच लागतं.

सकाळी ९
एटापल्लीहून मेव्हण्याचा, इस्तारीचा फोन. सासूबाईंचा डावा हात लुळा पडलाय, जीभ अडखळते. डॉक्टर म्हणाले, लगेच चंद्रपूरला न्या. शेजारच्या पत्रूची जीप काढू काय भाऊजी, म्हणाला. म्हटलं, मुळीच नाही. जावयाच्या दारात गाडी असताना सासूबाई भाड्याच्या जीपमध्ये? पाच तासांत पोचतो.

९.४०
गियर पडत नाही. क्लच पूर्ण दाबला तरी नुसती खरखर. किरकोळ असावं.

दुपारी १२
वीज केंद्रात बत्तीस वर्षं झाली. परमिटशिवाय, म्हणजे कामाच्या लेखी परवान्याशिवाय, पाना उचलला नाही. घरीही तीच शिस्त. परमिट क्र. १ लिहिलं. मागणारा मी, देणारा मी. स्टीअरिंगला 'काम चालू आहे' पाटी लावली. बायको, भागीरथा, पिशवी भरून व्हरांड्यात बसली आहे. तिला समजावलं की दोष शोधणं हे घाईचं काम नव्हे. तिने पिशवीची गाठ आणखी घट्ट केली. पटलं असावं.

७ ऑक्टोबर, सोमवार
क्लच ऑइल बदललं. फरक नाही. म्हणजे ऑइल निर्दोष. प्रगती.
इस्तारीचा तिसरा फोन. पुन्हा जीप. म्हटलं, शब्द दिला की दिला.
दुपारी भागीरथा बसने गेली. तुमी बसा या डब्ब्यात, मी माह्या मायकडे चालली, म्हणाली. भावनेच्या भरात माणूस एसटीने जातो.

८ ऑक्टोबर, मंगळवार
नाक्यावरचे मेकॅनिक गुलाम रसूल आले. पेडल एकदाच दाबलं. म्हणाले, साहेब, उभी राहून राहून क्लच प्लेट गंजली, चिकटली. तिसरा गियर टाका, क्लच-ब्रेक दाबा, सेल्फ मारा. झटक्यानं सुटते. पाच मिनिटाचं काम. म्हटलं, पद्धत लेखी द्या. म्हणाले, पाच मिनिटाच्या कामाले अर्धा तास काऊन लिहू? आणि गेले. या देशात डॉक्युमेंटेशनला किंमत नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार
अहवाल पूर्ण. चार पानं, दोन आकृत्या. निष्कर्ष: प्लेट चिकटली असावी. स्वतःच्या बळावर इथवर आलो.
एटापल्लीला कोणी फोन उचलत नाही. माझी वाट पाहत असतील.

१० ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी १०
तिसरा गियर, सेल्फ, झटका. सुटली. ब्रेक थोडा उशिरा लागला, कुंपण पडलं. परमिट बंद केलं. निघालो.

दुपारी ३, एटापल्ली
घराला कुलूप. शेजारी पत्रू जाळं दुरुस्त करत होता. म्हणाला, मंगळवारी पहाटेच नेलं ना चंद्रपूरले, माह्याच जीपनं. भागीरथाबाई आली अन् तिनंच काढाले लावली. बुढी वाचली, पण हात गेला, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणे, रविवारीच आणाले पाहिजे होती.
विचारलं, मला कोणी कळवलं का नाही? म्हणाला, बाईच नाई म्हणाली. दवाखान्यातबी येऊ नोका म्हणते.
कुलूप एकदा ओढून पाहिलं. मग पत्रू म्हणाला, जीप इस्तारीसंगं अजून चंद्रपूरलेच अटकली हे, मासोळ्या सडून राह्यल्या. तुमाले आता कुठी घाई नाई, तं या दोन टोपल्या जाता जाता वाटेतल्या आल्लापल्लीच्या बाजारात सोडून द्या.
सोडल्या.