पुढचा गोल नॉब

मंगळवार, संध्याकाळ

प्रकाशच्या शिरोलीच्या वर्कशॉपमधून आत्ताच आले. जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम नव्या टीव्हीवर स्वच्छ दिसावा म्हणून आम्ही दोघं वर्षभर जो डबा बनवतोय, त्याचा शेवटचा नमुना आज बघितला. चित्र सुरेख. कुठं ताणलेलं नाही, बटण दाबलं की लगेच उडी. पण पुढचा गोल नॉब? तोच नाही! चित्र लहानमोठं करायला मी मुठीएवढा नॉब मागितला होता. संधिवातानं माझी बोटं वाकडी झालीत, मोबाईलवर नेमकी टेकत नाहीत. तळव्यानं फिरवता यावं, एवढंच.

"आता सगळं मोबाईलवर हाय की," प्रकाश म्हणाला.

"आणि मी कसं वापरू?"

"वैशाली, तुझ्यासारखी किती जणं असत्यात?"

कॉलेजपासूनचा मित्र. माझी बोटं रोज बघतो. त्या नॉबचं चित्र मी याच बोटांनी काढलं, तेही त्याच्यासमोर. मग विसरला, की त्याला तो नकोच होता?

रागानं म्हणाले, "मग डब्यावरनं माझं नाव काढ."

वाटलं, नको म्हणेल. निदान भांडेल तरी.

"बरं," म्हणाला, आणि कॉम्प्युटरकडं वळून डब्याच्या डिझाइनमधनं लगेच खोडलंसुद्धा.