वरचे दात

मुंबई, गोदी
ता. ९ जानेवारी १९१३

ति. हिरीबायला नवसूचा दंडवत. वि. वि.

पुन्हा तेच, येऊ नको? धाकलीचे वरचे दात आधी आले, यात माझा काय दोष? मामाच्या जिवाला जड म्हणून तुझ्या सासूने मला वर्षभर अंगणात पाय टाकू दिला नाही. मी इथे रोज साखरेच्या गोण्या उचलतो, त्याहून चार दात जड नसतील. भाचीचे तोंड अजून पाहिले नाही.

म्हणून तर दर महिन्याला गोदीतली पांढरी मोरस साखर धाडतो. सांगितले तशी फडक्यात पुरचुंडी बांधून तिच्या तोंडात देतेस ना? तू मोळीला गेलीस की रडायची नाही, आणि मामा कोण ते जिभेवर कळेल. शिमग्याला येतोच, सासू काठी घेऊन उभी राहिली तरी.

भावाला मनात ठेव.
नवसू

साखरशेत, संस्थान जव्हार
ता. २ फेब्रुवारी

चि. नवसूस हिरीचा आशीर्वाद. मी सांगते, मास्तर लिहितात.

साखर पोचली. आता धाडू नको. पुरचुंडी तोंडात घेऊनच धाकली निजायची, काढली की रडायची. वरचे चारी दात आधी खडूसारखे पांढुरके, मग काळे झाले. दोन मोडले, हिरडी सुजली. जव्हारच्या डॉक्टरांनी पुरचुंडी पाहिली आणि विचारले, ही कल्पना कोणाची? मी तुझे नाव घेतले नाही. ते म्हणाले, दात ओल्या फडक्याने रोज पुसायचे होते, निजताना तोंडात गोड ठेवायचे नव्हते. आता मुळे काढावी लागतील, नवे यायला पाच वर्षे. भाकर चावत नाही, आंबिलीवर आहे.

सासू म्हणते, बरे झाले, मामावरचे टळले, आता येऊ दे त्याला. भांडायला मला बळ नाही. येऊन जा.

तुझी बाय
हिरी

मुंबई, गोदी
ता. १५ फेब्रुवारी

ति. हिरीबायला दंडवत.

अक्षर लावत लावत तीनदा वाचले. दात मामाला जड व्हायचे होते, मामाच दातांना जड झाला. पाठीवर गोणी असते, घाम ओठावर आला की गोड लागतो. थुंकतो.

उरलेले दात रोज पूस. खालचे तरी राहू दे तिला.

शिमग्याला येत नाही. ती हसली तर मी कुठे बघू? वाटखर्चाला ठेवले होते ते डॉक्टरला आणि दुधाला धाडतो. साखर नाही. मामा कोण, हे तिला सांगू नको.

मनिऑर्डर: रुपये तीन, आणे दोन.