चिंबोरीचा ड्रायव्हर

मी, प्राप्ती अनंत घरत, वय ३२, व्यवसाय नोकरी (उपकरण अभियंता), मूळ राहणार मौजे खारगोठणे, तालुका पेण, सध्या राहणार चेंढरे, अलिबाग, जिल्हा रायगड, आज सोमवार, दिनांक ४ ऑगस्ट २०२५ रोजी माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवते.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालायला घरात दुसरे कोणी राहत नाही. येत्या सोमवारी मुंबईत माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. सर्जननी धोका शंभरात दोन सांगितला. कारखान्यात याहून कमी धोक्यासाठी मी लाइन बंद करायला लावली आहे, म्हणून हे लिहिते. थकवा फार आहे. एका बैठकीत दोन कलमांच्या वर लिहून होत नाही, म्हणून हे काही दिवसांत मिळून लिहिले, सही आज. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. अलिबागेत खेळण्यांचे दुकान चालवणारे श्री. अल्पेश शहा यांना मी व्यवस्थापक नेमते. नऊ वर्षे मी त्यांच्याकडून माल मागवते. "प्राप्तीबेन, खेळणी घेऊन न खेळणारं गिऱ्हाईक तुमच्याशिवाय मी पाहिलं नाही," असे ते दर वेळी म्हणतात आणि दर वेळी स्वतःच हसतात. पण एकही खोका त्यांनी कधी दाबलेल्या कोपऱ्याचा दिला नाही. मला तेवढे पुरेसे आहे.

२. चेंढरे येथील एका खोलीचा फ्लॅट माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. तो माझी आई ठमाबाई हिला तिच्या हयातीपर्यंत आणि तिच्यानंतर माझी भाची राही दिपेश घरत हिला द्यावा. आई इथे राहायला येणार नाही, हे मला माहीत आहे. "वरच्या मजल्यावं तुलस कुठं लावाची?" एवढा एकच प्रश्न तिने विचारला होता. बँकेतील शिल्लकही आईचीच.

३. माझा संग्रह: 'तारादल' या जुन्या विज्ञानकथा-मालिकेतील १८६ आकृत्या, म्हणजे हातपाय फिरणारी खेळण्यातली माणसे, आणि ४१ वाहने. प्रत्येकाचा क्रमांक, फोटो आणि कुठला सांधा सैल आहे याची नोंद लॅपटॉपवर आहे. संग्रह राहीला द्यावा. ती आठ वर्षांची आहे. अठराची होईपर्यंत तो अल्पेशभाईंनी सांभाळावा, पण तिला खेळू द्यावे. मोडले तर मोडले.

सांभाळण्याच्या सूचना: खाऱ्या हवेने बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवे चढते, म्हणून बॅटऱ्या काढून ठेवाव्यात. आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या दर तीन महिन्यांनी बदलाव्यात. जुने प्लास्टिक चिकट होते. ते साध्या साबणाच्या पाण्याने धुवावे. हातपाय अडकले तर कोमट पाण्यात मऊ करूनच फिरवावेत. जोर लावू नये.

४. जोर लावल्याचे उदाहरण म्हणजे आकृती क्रमांक ८८, डावा हात. २०१९ साली मला बघायला आलेल्या मुलाने तो पिरगळून तोडला आणि तोडल्यावर स्वतःचे हात मागे धरून उभा राहिला. त्याच्या आईने विचारले, "लग्नानंतर हे सगळं कुठं ठेवणार?" मी म्हटले, "इथंच." त्यांना या मृत्युपत्रान्वये काही मिळत नाही. हात मी नंतर जोडला. सांधा दिसत नाही, पण वजन पेलत नाही.

५. व्हर्नियर कॅलिपर, सोल्डरिंग आयर्न आणि बारीक पेचकसांचा संच राहीला. पेचकस क्रमांक दोनचे टोक झिजले आहे. त्याने स्क्रूची खाच खराब होते. तो टाकून द्यावा. मला टाकवला नाही.

६. आता चिंबोरीबद्दल. ती वरच्या ४१ वाहनांत धरलेली नाही, कारण ती माझ्या ताब्यात नाही.

माझे वडील अनंत घरत उरणला बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवत. २००० साली गोदामात पाणी शिरून खराब झालेला माल ड्रायव्हरांना वाटून टाकला, त्यातला एक खोका बाबांनी घरी आणला. आत सहा गाड्या होत्या. पाच मोडलेल्या, एक धड. सहा पायांची, प्रत्येक पायाला चाक, पुढे दोन आकडे. खोक्यावर तिचे नाव काही वेगळे होते. आमच्या घरात ती पहिल्या मिनिटाला चिंबोरी, म्हणजे खेकडा, झाली. आत बसायला जागा होती, बसणारा नव्हता. मी सात वर्षांची, भाऊ दिपेश दहाचा. दोघांनीही हात घातला. बाबांनी निकाल दिला, "गारी पोराला. डायवर पोरीनं करावा."

त्या वर्षी विठोबामामा जोह्याच्या कारखान्यातून आमचा गणपती घेऊन आला, तेव्हा त्याने मुठीएवढी शाडूची माती आणली. मी तिचा ड्रायव्हर केला. मामाने उरलेल्या रंगाने त्याला पीतांबराचा पिवळा दिला, भुवया मी काढल्या. दिपेशने चिंबोरी मखरात नेऊन ठेवली. म्हणाला, "उंदीर दमला तं बाप्पा हिच्यान बसंल." सगळे हसले. आईने मात्र ते खरे धरले. रोज आरती, रोज ड्रायव्हरला हळदकुंकू.

गौरीबरोबर विसर्जन झाले, तेव्हा आईने ड्रायव्हरला उचलून पाटावर ठेवले. मी रडले. ती म्हणाली, "पूजेला बसला तो बाप्पासंगत जानार. त्याला काय कपाटान ठेवाचा?" खाडीच्या पाण्यात तो माझ्यासमोर विरघळला. बाबा म्हणाले, "रडतंस कनाला? गारी घरा येते, डायवर बदलतो. आमच्या कंपनीन पन तसाच हाय."

तेव्हापासून दरवर्षी नवा ड्रायव्हर झाला. एकूण एकवीस. शेवटचा २०२० साली, खाडीवर जायला बंदी होती म्हणून अंगणातल्या पिंपात विरघळला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबा गेले.

७. वडिलोपार्जित जमिनीवरील माझा हक्क मी जून २०२१ मध्ये हक्कसोडपत्र करून दिपेशच्या नावे सोडला आहे. ते राजीखुशीने केले असे त्यात लिहिले आहे. आमच्याकडे बहिणी सही करतात, मीही केली. त्याबद्दल माझे म्हणणे नाही. म्हणणे त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर जे बोलणे झाले त्याबद्दल आहे. मी म्हटले, "दादा, मला काही नको. चिंबोरी दे."

तो म्हणाला, "ती बाबांनी मला दिलेली हाय."

"मी जमीन दिली ना आत्ता."

"तुला जमीन करायचीय काय? तुझी मानसं कपाटात मावतात."

मी रिक्षा करून निघाले. त्यानंतर चार गणपती झाले. मी गेलेले नाही.

८. त्या रागात मी चिंबोरीचा कंपनीने काढलेला मूळ ड्रायव्हर शोधला. २०२२ साली सापडला, खोका न उघडलेला. बाहेरून मापे घेतली: कमरेत २४ मिलिमीटर, चिंबोरीची जागा २६. बरोबर बसेल. पण तो पाण्यात विरघळणार नाही, हे ध्यानात आल्यावर मी त्याला कपाटाच्या वरच्या खणात ठेवले. तो अल्पेशभाईंना द्यावा. त्यांना बंद खोकी आवडतात.

९. गेल्या महिन्यात वहिनी अमिषा हिचा फोन आला. ऑपरेशनचे तिला आईकडून कळले होते. बोलता बोलता तिने सांगितले की दिपेश दरवर्षी चिंबोरी मखरात ठेवतो. रिकामी. गेल्या वर्षी राहीने तिच्यात आपली बाहुली बसवली, तर त्याने ती काढून घेतली. राहीने विचारले का, तर म्हणाला, "ती जागा आत्याची हाय."

मी यावर तीन आठवडे विचार केला. निष्कर्ष खालीलप्रमाणे.

चिंबोरी दिपेशची आहे. बाबांनी त्याला दिली, त्या वेळी मी हजर होते. तिच्यावर माझा दावा नाही आणि पायऱ्यांवर मी तो करायला नको होता. कपाटाबद्दल तो जे बोलला ते त्याने मागे घ्यावे अशी माझी अपेक्षा होती. ती मी सोडते.

मात्र चिंबोरीचा ड्रायव्हर करण्याचा हक्क माझा आहे. तोही बाबांनीच दिला. हक्कसोडपत्रात जमिनीचे चार गट आणि घराचा उल्लेख आहे, ड्रायव्हरचा नाही. मी ते पुन्हा वाचून खात्री केली आहे. हा हक्क मी राहीला देते. माती शाडूचीच घ्यावी. पाठ थोडी मागे झुकलेली करावी, नाहीतर झाकण लागत नाही. भुवया शेवटी काढाव्यात.

१०. मी ऑपरेशनमधून उठले, तर हे मृत्युपत्र कपाटात जाईल. कलम ९ मात्र यंदापासूनच लागू समजावे. मृत्युपत्रातले कलम माणूस जिवंत असताना लागू होत नाही, असे वकिलांनी सांगितले. मी ते तरीही ठेवले आहे. त्या पानाची एक प्रत अल्पेशभाईंनी उद्याच खारगोठण्याला नेऊन दिपेशच्या हातात द्यावी. वाचून तो काही बोलला नाही तर थांबू नये. तो लगेच बोलत नाही.

गणपती २७ तारखेला आहेत. तोपर्यंत मला प्रवासाची परवानगी मिळणार नाही. राहीने ड्रायव्हर करून, वाळवून, मऊ फडक्यात गुंडाळून, भुवया न काढता ठेवावा. दिपेशला जमले तर त्याने तो दवाखान्यात आणावा. वजन उचलायला मला मनाई आहे. ब्रश धरायला नाही. मी डॉक्टरांना विचारले आहे.

हे मी स्वतः टाइप केले, दोनदा वाचले आणि प्रत्येक पानावर सही केली.

ठिकाण: अलिबाग
दिनांक: ४ ऑगस्ट २०२५

सही: प्राप्ती अनंत घरत

आमच्यासमोर प्राप्ती घरत यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. ऋत्विक पाटील, सहकारी, राहणार थळ
२. धर्मा म्हात्रे, शेजारी, राहणार चेंढरे